नंतरची वीस मिनिटं

धाकटीला ती भीती पहिल्यांदा आली तेव्हा लग्नाला अकरा दिवस झाले होते. बुधवार होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि घाबरण्यासारखं काहीही घडलेलं नव्हतं.

चार बहिणींत शेवटची म्हणून घरी ती धाकटी. पुढे दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली, तिथेही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिथेही तेच नाव चिकटलं. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून बोळक्या तोंडांचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाच्या हिरड्या घडवायच्या आणि मग एकेक दात रोवायचा. तिचा हात असा बसला होता की अवघड कामं आपोआप तिच्याच टेबलावर यायची. सोबत आलेल्या जुन्या फोटोत एखाद्या आजींचा सुळा किंचित वाकडा दिसला, तर ती नवाही तसाच वाकडा बसवायची. "सरळ केला तर घरचे ओळखायचे नाहीत," म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लॅबच्या इमारतीतली लिफ्ट एका वर्षात इतक्यांदा बंद पडली की लॅबमधल्या बायका त्याला तोंडावर विचारायला लागल्या, "ही बिघडते, की कुणी बिघडवतं?" तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि चोरून धाकटीकडे बघायचा. मग एकदा लिफ्ट ठणठणीत असताना हत्यारांची पेटी घेऊन तो दारात उभा राहिला, तेव्हा कुणी काही विचारायचं उरलंच नाही.

लग्नानंतर दोघांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बुधवारी लॅब बारालाच बंद व्हायची आणि त्याची सुट्टीही बुधवारीच असायची. म्हणून बुधवारची दुपार त्यांची. पडदा ओढलेला, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत असलेलं, आणि घरात दोघंच.

त्या दिवशी सगळं छानच झालं होतं. तिला हवं होतं, तिनेच त्याला जवळ ओढलं होतं. नंतर तो उताणा पडून तिला काहीतरी सांगत होता. एका बाईंनी मांजर आणि सुटकेस दोन्ही लिफ्टमध्ये ठेवली, स्वतः बाहेर राहिल्या आणि लिफ्ट निघून गेली, असं काहीतरी. ती हसत होती. आणि हसता हसता तिच्या पोटात गोळा आला.

आधी तिला वाटलं, काहीतरी आठवलंय. गॅस चालू राहिलाय का? कुणाला फोन करायचा राहिलाय का? तसं काही नव्हतं. तरी काहीतरी भयंकर घडलंय आणि ते फक्त आपल्याला अजून कळलेलं नाही, असं वाटायला लागलं. छातीत धडधड सुरू झाली. पंखा, कपाट, खुर्चीवर टाकलेला त्याचा शर्ट, सगळं जागच्या जागी होतं, पण कुणीतरी आपल्या नकळत सगळ्या वस्तू बदलून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या आणून ठेवाव्यात, तसं दिसत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात तिच्या दंडावर होता. त्या हातावरचे केस, नखाखालची ग्रीसची काळी रेघ. हा कोण माणूस आहे? आपण याच्याजवळ असं का पडलो आहोत?

ती उठली, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली. आपण का रडतोय हे तिला ठाऊक नव्हतं. वीसेक मिनिटांनी ते आलं तसं गेलं. तिने तोंड धुतलं, बाहेर येऊन चहा टाकला. नवरा गाढ झोपला होता.

'थकवा असेल,' असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी काहीच झालं नाही, आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिने संध्याकाळी त्याला ओढून बागेत नेलं. चौथ्या बुधवारी मात्र इतकं जोरात आलं की न्हाणीघरातल्या फरशीवर बसूनच तिने आईला फोन लावला.

"आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? का गं?"

"आणि बाबा?"

"पेपर वाचतायत. काय झालं? आवाज असा का येतोय तुझा?"

"सर्दी झालीये," ती म्हणाली.

मग तो नेमच पडला. भीती आली की फोन. कुणीतरी मेलंय असं इतकं पक्कं वाटायचं की आईचा आवाज कानावर पडेपर्यंत तिला श्वास घेववत नसे. आणि आवाज ऐकला तरी भीती जायची नाही, तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसायची. आई ठीक, मग बहिणींपैकी कुणी? बहिणी ठीक, मग आपल्यालाच काही झालंय. डोक्यात काहीतरी हललंय.

हा विचार सगळ्यांत वाईट होता, कारण तो भीती ओसरल्यावरही जात नसे. लॅबमध्ये मेण तापवताना, रस्ता ओलांडताना तो सोबत असायचा. घरात एका माणसाचं असं झालेलंही होतं. आईची धाकटी बहीण. मावशीने लग्नानंतर आठ महिन्यांत नवऱ्याला सोडलं, कारण कुणालाच कळलं नाही. चांगला माणूस होता, जमिनी मोजायच्या खात्यात नोकरीला होता, आवाज चढवून कधी बोलला नाही. "तिचं डोकं फिरलं," एवढंच घरात म्हणायचे, आणि पुढे कुणी विचारलं तर विषय बदलायचे. मावशी आता साठीची होती, एकटी राहायची, ग्रंथालयाची जुनी पुस्तकं बांधून द्यायची. लग्नकार्यात यायची, कोपऱ्यात बसायची, लवकर निघायची.

धाकटीने बुधवार चुकवायला सुरुवात केली. कधी डोकं दुखतंय, कधी लॅबमध्ये तातडीचं काम आलंय. काम नसतानाही ती बंद लॅबच्या पायरीवर बसून डबा खायची. नवरा काही बोलायचा नाही. पण तो काही बोलत नाही, हेच तिला टोचायला लागलं. तिला तो हवा असायचा. अडचण हीच होती. सोमवारी, मंगळवारी भांडी घासताना तो मागून येऊन मानेवर नाक घासायचा तेव्हा तिचे हात ओल्या ताटासकट थांबायचे. मग लगेच पुढचं आठवायचं आणि ती अंग चोरायची.

त्या दिवसांत आईचाच फोन आला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"बुधवारी दुपारीच का फोन करतेस तू? आणि दर वेळी रडून रडून करतेस. मी आई आहे तुझी, सर्दी आणि रडणं मला कळतं." आईचा आवाज खाली आला. "तो हात उचलतो का तुझ्यावर?"

"आई! नाही गं! काहीतरीच काय!"

"मग?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग आई जणू स्वतःशीच म्हणाली, "तुझी मावशी अशीच यायची. लग्न झाल्यावर. चपला न घालता यायची, भर दुपारी, मी जिवंत आहे का बघायला."

फोन कसा ठेवला ते धाकटीला नंतर आठवेना.

त्यानंतरच्या बुधवारी तिने ठरवलं, की नाहीच घाबरायचं. मनाचा हिय्या केला, स्वतःहून नवऱ्याजवळ गेली, हसली, बोलली. तोही इतक्या दिवसांनी खुलला. आणि नंतर, तो पाणी प्यायला उठला असतानाच, भीती आली. या वेळी ती पोटातून वर आली नाही, अंगावर कोसळली. न्हाणीघरात जाऊन कडी लावली एवढंच तिला कळलं. नळ सोडायचं राहून गेलं. त्यामुळे तिचं रडणं त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

"काय झालं? अगं, दार उघड."

तिला बोलता येईना. त्याचा आवाज दाराच्या इतक्या जवळ होता की ती मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. दाराबाहेर उभा आहे तो आपला नवरा आहे हे तिला माहीत होतं. तरी दार उघडलं तर आपलं काही खरं नाही, असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या आणि त्यामुळे तिची आणखीच गाळण उडाली.

"उघडतेस का? मला घाबरवू नकोस. अगं, बोल काहीतरी!"

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून एक पातळ पत्रा आत आला, कडीखाली सरकला आणि कडी वर उचलली गेली. त्याला ते दोन सेकंदांचं काम होतं. दार उघडलं आणि तो आत वाकला. धाकटीने दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार चुकवताना माणूस घेतो तसे.

तो जागीच थबकला. तिने बोटांच्या फटीतून त्याचा चेहरा पाहिला, आणि तो चेहरा ती जन्मात विसरणार नव्हती. इतका घाबरलेला माणूस तिने पाहिला नव्हता.

"मी काही केलं का?" त्याने विचारलं.

तिला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून हुंदका आला. त्याने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

टॉवेल तिच्याजवळ फरशीवर ठेवून तो बाहेर गेला. संध्याकाळी तिचं सगळं शांत झाल्यावर ती बोलायला गेली, तर तो पिशवी भरत होता. "दादाकडे जातो चार दिवस," तो म्हणाला. "तू निवांत राहा. मी असलो की तुला त्रास होतो."

"तसं नाहीये रे."

"मग कसं आहे?"

कसं आहे हे तिला स्वतःलाच माहीत असतं तर तिने सांगितलं असतं. ती दारात नुसती उभी राहिली. त्याने तिला ओलांडून जाताना अंग इतकं आक्रसून घेतलं, की चुकूनही स्पर्श होऊ नये.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधून सुट्टी घेतली आणि मावशीकडे गेली. या घरी ती कधीच एकटी गेली नव्हती. मावशीने दार उघडलं, तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला झाली. "ये. खळ वाळायच्या आत एवढा पुठ्ठा चिकटवते, मग बोलू."

एकच लांब खोली. टेबलावर स्क्रूच्या दाबाखाली आवळलेली पुस्तकं, दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं. बिछाना एकाच माणसाचा, भिंतीला लागून, चादर ताणून घातलेली. खुर्चीही एकच. मावशीने धाकटीला खुर्ची दिली आणि स्वतः पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली. धाकटीचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या बिछान्याकडे जात होतं. आपण तीस वर्षांनी इथे आहोत, हेच घर, हीच एक खुर्ची, असं तिला दिसायला लागलं.

"आईने फोन केला होता मला," मावशी म्हणाली. "वर्षातून दोनदा करते. काल तिसऱ्यांदा केला. मला म्हणाली, तुला जे झालं होतं ते काय होतं, एकदाचं सांग. पस्तीस वर्षांनी विचारलं बघ."

"मग काय सांगितलंस?"

"तिला नाही सांगितलं. म्हटलं, पोरीला पाठव. तिने पाठवायच्या आत तू आलीस." तिने हाताला लागलेली खळ फडक्याला पुसली. "नंतर येतं ना? सगळं झाल्यावर?"

धाकटीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"कुणीतरी मेलंय असं वाटतं."

"हो."

"आणि तो माणूस ओळखू येत नाही."

"हो, मावशी, हो."

मग सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं मावशीने सांगितलं. तिच्या वेळी दर खेपेला यायचं. तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? नवऱ्याबरोबर सुखाने निजले आणि नंतर जीव जाईल इतकी भ्याले? एकदा धीर करून सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, नव्या नवरीचे लाड आहेत. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दिवसभर डोकं जड राहायचं, आणि भीती मात्र नेमक्या वेळी यायचीच.

"मग मी विचार करायला लागले," मावशी म्हणाली. "भीती वाटते ती कशाची? समोर कोण असतं? तो. म्हणजे भ्यायचं ते त्यालाच. माझ्या आतल्या कशाला तरी तो माणूस वाईट आहे हे कळलंय, असं मी ठरवलं. तो पाणी आणून द्यायचा तेव्हा मी ग्लासाचा वास घ्यायची. एका सकाळी तो कामावर गेला आणि मी निघाले. त्याने दोन वर्षं पत्रं लिहिली. मी फोडलीसुद्धा नाहीत."

"तो खरंच वाईट नव्हता?"

"नव्हता गं. हीच तर गोष्ट आहे." पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "मला कळलं ते बावन्नाव्या वर्षी. ग्रंथालयाने बायकांच्या मासिकाचे अंक बांधायला पाठवले होते. पानं जुळवता जुळवता एका डॉक्टरीणबाईंचा लेख दिसला. त्यात सगळं लिहिलेलं. की असं होतं, पुष्कळ बायकांना होतं, त्या माणसावर जीव असला तरी होतं, आणि बहुतेक जणी कुणाला सांगत नाहीत. मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. त्याचं तोवर दुसरं लग्न झालं होतं, मुलं झाली होती, आणि तो जाऊनही चार वर्षं झाली होती. वीस मिनिटांसाठी मी अख्खं घर मोडलं, धाकटे. वीस मिनिटं कुणी माझ्यासोबत बसलं असतं तर..."

तिने उठून दाबाचा स्क्रू आवळला, जो आधीच आवळलेला होता.

धाकटीला खरं म्हणजे धीर यायला हवा होता. आला नाही. उलट तिचं धाबं दणाणलं. "म्हणजे हे आपल्या घरातच आहे? माझंही असंच होणार?"

"ते मला नाही ठाऊक. मी पुस्तकं शिवते, डॉक्टर नाही. पण मी त्याला कधी सांगितलं नाही. तुझा तो कुठे आहे आत्ता?"

"कामावर."

"मग तू इथे काय करतेस?"

त्याच्या कंपनीत विचारलं, तर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दहा मजली इमारतीत होता. लिफ्ट अर्थातच बंद होती. धाकटी दहा मजले चढली. सातव्यावर थांबून, कठड्याला धरून तिने परत जायचा विचार केला. तो म्हणेल, तुला माझी किळस येते आणि तू गोष्टी रचतेस. तो म्हणेल, मग डोकं तपासून घे. किंवा काहीच म्हणणार नाही, मान डोलावेल आणि दादाकडेच राहील. यातलं शेवटचं सगळ्यांत भयंकर होतं. ती पुन्हा चढायला लागली.

गच्चीवरच्या खोलीत तो मोटारीपाशी उकिडवा बसला होता. तिला पाहून ताडकन उभा राहिला. "घरी काही झालं?"

"नाही. बस. मला एका दमात सांगू दे, मध्ये बोलू नकोस."

तिने सांगितलं. अकराव्या दिवसापासून सगळं. नळ, टॉवेल, आईचे फोन, लॅबची पायरी. त्याचा चेहरा ओळखू येत नाही हेही सांगितलं, आणि ते सांगताना तिने डोळे मिटून घेतले. मावशीचं सांगितलं. खालच्या कुठल्यातरी मजल्यावरून कुणीतरी "चालू झाली का?" असं ओरडत होतं.

तिचं संपल्यावर तो खाली बसला, पेटीवरच. त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले.

"मला वाटलं, मी जबरदस्ती करतोय," तो म्हणाला. "आणि तू घाबरून सांगत नाहीस. मी एकेक बुधवार आठवून बघितला. कुठे तू नको म्हणालीस आणि मला ऐकू आलं नाही का. मला काही सापडेना, म्हणून आणखीच भीती वाटली. म्हटलं, आपण असले आहोत आणि आपल्याला कळतही नाही."

"नाही रे. तसं एकदाही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो रडला. तीही रडली, पण हे रडणं तिला कळत होतं. मग नाक पुसून तो कामाचं विचारावं तसं विचारायला लागला. किती वेळ टिकतं? एकदम येतं की हळूहळू? हात लावला तर वाढतं का? मी खोलीतून गेलो तर बरं वाटतं का? बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिला ठाऊक नव्हती. "हात लावू नकोस," ती विचार करून म्हणाली, "पण जाऊही नकोस."

"लिफ्टमध्ये कुणी अडकलं ना," तो म्हणाला, "की आम्ही आधी आवाज देतो. दार नंतर. काल मी आधी दारच उघडलं."

पुढच्या आठवड्यात ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी बरंच विचारलं. कधीपासून, दर वेळी का, आधी आयुष्यात कुणी त्रास दिला होता का, एरवी मन कसं असतं. रक्त तपासायला सांगितलं. धाकटीने पर्स घट्ट धरून एकच प्रश्न विचारला. "मला वेड लागतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हे वेड नाही, आणि नवऱ्यावर प्रेम नसल्याची खूणही नाही. का होतं, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. बायकांना होतं, पुरुषांनाही होतं. तुमच्या मावशींना होतं म्हणून तुम्हाला झालं का, तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण याबद्दल बोलणाऱ्या एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. आणि मनात नसेल तेव्हा नाही म्हणा. सगळं ठीक आहे हे दाखवायला परीक्षा देऊ नका."

ते शेवटचं वाक्य धाकटीने जपून ठेवलं. तिने परीक्षाच दिली होती, आणि त्यातच ती कडी लावून बसली होती.

नवरा घरी परतला. दोन महिने त्यांनी काहीच केलं नाही. बुधवारी दुपारी पत्ते खेळले, भिंतीला रंग दिला. दोघंही एकमेकांशी काचेच्या भांड्यासारखं वागत होते आणि त्याचाही एक ताण होताच. समुपदेशक बाईंकडे एकदा ती एकटी जायची, एकदा दोघं. मग एका बुधवारी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पत्ते तसेच पडून राहिले.

नंतर ती छताकडे बघत राहिली. आली. अगदी तशीच, पोटातून, गोळा होऊन.

"आली," ती मोठ्याने म्हणाली. हा एक शब्द उच्चारायला तिला अंगातलं सगळं बळ लागलं.

तो उठला, शर्ट घातला, पडदा सारून उजेड आत घेतला आणि तिच्यापासून चार हात दूर, भिंतीला टेकून बसला. "मी इथे आहे," तो म्हणाला. "तीन वाजून दहा मिनिटं झालीयेत. तुझी आई ठीक आहे. सकाळी फोनवर तुझ्याशीच बोलली. तू घरात आहेस." त्याचा आवाज कापत होता. तिला तो पुन्हा परका दिसत होता, आणि तिने तसं सांगितलं.

"दिसू दे," तो म्हणाला. "मी काही उठून जवळ येत नाही."

तिचे दात वाजत होते. ती चादर गळ्यापर्यंत ओढून, भिंतीकडे पाठ करून, त्या परक्या माणसावर नजर ठेवून बसली. तो मधून मधून वेळ सांगत होता आणि मधल्या वेळात काहीबाही बोलत होता. रंगाचा डबा उरलाय त्याचं काय करायचं, दादाच्या मुलीला पोहायला शिकायचंय. ती ऐकत नव्हती. पण आवाज होता. तीन पंचवीसला तिला जाणवलं की रंगाच्या डब्याबद्दल आपलं काही मत आहे. तीन अठ्ठावीसला ते मत तिने सांगितलं.

भीती कायमची गेली, असं झालं नाही. कधी लागोपाठ चार बुधवार यायची नाही, मग पाचव्याला यायची आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळवायची. कधी सात-आठ मिनिटांत आटपायची, कधी अर्धा तास. ती येईल का या धास्तीने कधी कधी सगळी दुपारच नासून जायची. आईला धाकटीने एका रविवारी समोर बसून सांगितलं. आई ऐकत राहिली, मधेच उठून पोळ्यांचा डबा उगाच झाकून आली, आणि म्हणाली, "मी तिला वेडी म्हटलं गं. माझ्या तोंडाने म्हटलं." त्याच आठवड्यात ती मावशीकडे राहायला गेली. दोघी तिथे काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. आई परतली ती एवढंच सांगत, की त्या घरात बसायला धड खुर्ची नाही आणि आपण एक पाठवणार आहोत.

धाकटीला पुढे मुलगी झाली. त्या काळात भीती वर्षभर फिरकली नाही, आणि मग बाळ आठ महिन्यांचं असताना एका दुपारी परत आली. बाळ शेजारच्या खोलीत झोपलं होतं. धाकटीला आधी वाटलं, बाळालाच काही झालंय. ती पळत सुटणार होती. दारापर्यंत गेलीही. मग चौकटीला घट्ट धरून थांबली.

"आली," ती म्हणाली. "तू जाऊन बघ. मी इथेच थांबते."

तो जाऊन बघून आला. "झोपलीये," त्याने सांगितलं. "तोंड उघडं टाकून."

धाकटीचा विश्वास बसला नाही. पण ती चौकट सोडून खाली बसली, आणि तो पलीकडच्या भिंतीशी बसून वेळ सांगायला लागला.